आठ स्क्रू

रुवननं स्क्रूड्रायव्हर मागितला तेव्हा
वाटलं, पट्टे घट्ट करायचे असतील.
त्यानं एकेक करत आठही स्क्रू काढले,
दोन्ही पट्टे माझ्या गाडीच्या टपावर टाकले
आणि म्हणाला, आता हा सर्फबोर्ड झाला.
फळीवर आठ भोकं उरली.
त्यांत लगेच वाळू जाऊन बसली.

उम्म अल कुवैनची खाडी. शनिवार, दुपारचे अडीच.
तिवरांपलीकडे फ्लेमिंगो एका पायावर उभे,
त्यांना कुणी शिकवणी लावलेली नसणार.

मी पेशानं सेफ्टी ऑफिसर.
शारजात, अठ्ठावीस मजल्यांच्या सांगाड्यावर
दिवसभर एकच शब्द चार भाषांत ओरडतो: हुक.
बसंत थापा बाविसाव्या मजल्यावर
पाठ खाजवायला हुक काढतो
आणि मी त्याच्या नावापुढे दंड लिहितो.
पाठ खाजते सर, म्हणतो.
खाजू दे, म्हणतो मी.

पतंग बारावर ठेव, रुवन सांगतो,
मग हळूच दोनवर आण.
आकाशाच्या ह्या घड्याळात
माझे बारा केव्हाही वाजतात.
दांडा ओढला की जोर, सोडला की ढील.
ढील माझ्या हातांना लगेच आठवली,
चिपळूणच्या गच्चीवरची, बोटं कापलेली.
पायांना मात्र काहीच आठवेना.
त्यांना जन्मभर कुठेतरी घालूनच ठेवलं होतं,
चपलेत, बुटात, मागच्या मोसमात पट्ट्यात.

उठलो. तीन सेकंद.
मग बोर्ड एकीकडे, मी दुसरीकडे, पतंग तिसरीकडे,
वाटण्या झाल्यावर भाऊ जातात तसे.
बोर्ड नेहमी वाऱ्याच्या वरच्या अंगाला राहतो.
त्याच्याकडे सरळ जाता येत नाही:
पोटावर आडवं व्हायचं,
एक हात नांगरासारखा पाण्यात रोवायचा
आणि नागमोडी ओढत जायचं,
डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे,
तोंडात लोणच्याच्या बरणीचा तळ.

सातव्यांदा बोर्ड आणला तेव्हा
रुवन कमरेभर पाण्यात बिस्किट खात होता.
तू पायांनी धरतोस, म्हणाला. बोटं बघ तुझी.
मी पाहिली. दहाही बोटं मेणात रुतलेली,
झाडाला बिलगलेल्या पोरासारखी.
धरू नको तर तो राहणार कशानं?
कल्पिटियाचा कोळ्याचा मुलगा तो,
बराच वेळ समुद्राकडे बघून म्हणाला,
वारा तुला ओढतो, तू बोर्डाला दाबतोस,
पाणी त्याला वर ढकलतं.
भांडण चालू ठेव. मिटवायला जाऊ नकोस.

नवव्या खेपेला, की दहाव्या,
मोजायचंच विसरलो.
गुडघे वाकले, टाचांवर भार आला
आणि तळव्याखाली काहीतरी बोलू लागलं,
बारीक, खरखरीत,
रेडिओवर दूरचं स्टेशन लागावं तसं.
पाय तिथे होते कारण ते तिथे होते.
किनाऱ्यावरचा ताडपत्रीचा तंबू लहान झाला,
कुणाच्या तरी कोळशाचा वास आला,
एक बोई मासा उडाला, माझ्या पोटरीइतका जवळ,
आणि मी पोरकट ओरडलो, मराठीत.

वळायचं होतं तिथे पडलो.
वळताना पाय बदलावे लागतात,
मागचा पुढे, पुढचा मागे,
आणि त्या मधल्या क्षणी दोन्ही पाय कुणाचेच नसतात.
ते मला अजून जमलेलं नाही.

स्क्रू गाडीच्या कपहोल्डरमध्ये आहेत.
शारजाच्या प्रत्येक राउंडअबाउटला
खुळखुळतात. अजून टाकले नाहीत.

सोमवारी बाविसाव्या मजल्यावर
सकाळची सूचनावाचनाची वेळ.
माझा हुक लावलेला, दोनदा तपासलेला.
वायव्येकडून शमाल येतो,
हिरवी जाळी फुगते आणि पडते, फुगते,
आणि लोखंडी टोकाच्या बुटांत
पुढचा पाय आपोआप तिरका होतो,
गुडघे किंचित वाकतात.
पाचवा मुद्दा वाचता वाचता मी थांबतो.
चाळीस माणसं माझ्याकडे बघतायत.
बसंत हळूच विचारतो,
सर, पाठ खाजते का?